विभाआत्याची चार मिनिटं

पांढऱ्याची चाल होती. काळ्याचा वजीर पांढऱ्या घोड्याच्या माऱ्यात आयता सापडला होता आणि कोपऱ्यातल्या घड्याळात वीस सेकंदं होती.

तिसऱ्याच सेकंदाला शाल्मलीने घोड्याने वजीर मारला. टॅबचा पडदा लाल झाला. काळ्याचा हत्ती सरळ खाली उतरला आणि आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेल्या पांढऱ्या राजावर मात झाली.

“पुन्हा!” शाल्मली पुटपुटली. महिन्याभरात तिचे एकशे चाळीस गुण घसरले होते. जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. रोज शंभर कोडी सोडवूनही ती मागेच का चाललीय, हेच तिला उमगत नव्हतं.

त्याच खोलीत खिडकीशी विभाआत्या बसलेली असे. ती शाल्मलीच्या बाबांची थोरली बहीण. तिने तीस वर्षं चेतापेशींवर (मेंदूत निरोपांची ने-आण करणाऱ्या पेशींवर) संशोधन केलं होतं. आठ महिन्यांपूर्वी तिला पक्षाघात झाला (मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटला). तेव्हापासून तिचा उजवा हात निर्जीव झाला होता आणि शब्द एकेक करून, जड पावलांनी येत.

मिरजेच्या पुनर्वसन केंद्रात तिच्यावर सौम्य विजेचे उपचार चालू होते. ते लागू पडताहेत का, हे पाहायला केंद्र रोज बुद्धिबळाची दहा कोडी घरी पाठवी. प्रत्येकाला वीस सेकंदं. आत्याचं बोट पडद्यापर्यंत पोहोचायच्या आत वेळ संपे आणि अहवालात उमटे : ‘प्रतिसाद नाही.’

“हा महिनाही असाच गेला, तर उपचार थांबवावे लागतील. रांगेत बरेच रुग्ण आहेत,” केंद्रातले डॉक्टर तांबोळी बाबांना म्हणाले होते. दाराआड उभ्या असलेल्या शाल्मलीने ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या व्यायामाला गेली, की शाल्मली तिच्या पडद्यावरची कोडी भराभर सोडवू लागली. काही चुकत, काही बरोबर येत. नवव्या दिवशी केंद्राचा निरोप आला : ‘उत्तम सुधारणा. सोमवारपासून विजेची मात्रा निम्मी करत आहोत.’

शाल्मलीने निरोप पुन्हा वाचला. आत्याला जी वीज हवी होती, तीच आपल्यामुळे कमी होणार होती!

आत्याने अहवाल मागून घेतला आणि आकडे कितीतरी वेळ पाहिले.

“हा... माझा मेंदू... नाही,” ती म्हणाली. “चार सेकंद... चूक. तीन सेकंद... चूक. हा... तुझा.”

शाल्मलीला रडू फुटलं. “मला वाटलं, तुझे उपचार बंद करतील गं!”

आत्या रागावली नाही, पण तिने मान खिडकीकडे वळवली. मग तिने डाव्या हाताने कपाट दाखवलं. त्यात तिच्या प्रयोगशाळेतला टोप होता. चेतापेशींमधली सूक्ष्म वीज टिपून मेंदूचा निर्णय कसा घडतो, हे तो रेषेने दाखवायचा.

“घाल. तेच... वजिराचं... कोडं... वीस सेकंद.”

शाल्मलीने टोप घातला. कोड्याशेजारी एक निळी रेषा वर चढू लागली. तिच्या वरच्या अंगाला एक तुटक आडवी रेघ होती. घड्याळ सुरू होताच ती आडवी रेघ घसरून खाली आली. निळी रेषा जेमतेम वर आली होती, तोच तिला टेकली, आणि शाल्मलीच्या बोटाने सवयीने पुन्हा वजीरच मारला.

“ही आडवी रेघ कसली?”

“उंबरठा. निळी रेषा... म्हणजे पुरावा. वजीर दिसतो... पुरावा. राजा कोंडलाय... तोही पुरावा. साठत जातो. उंबरठा ओलांडला... की मेंदू म्हणतो, ठरलं.”

शाल्मली विचार करत म्हणाली, “आणि घड्याळ लावलं, की उंबरठाच खाली येतो! म्हणजे अर्ध्या पुराव्यावरच माझं ठरतं?”

आत्याने मान डोलावली. मग टोप स्वतः घातला आणि घड्याळ बंद करायला लावलं.

तिची निळी रेषा फार सावकाश चढत होती. एक मिनिट गेलं. रेषा थोडी वर आली आणि पुन्हा ढासळली. आत्याला वजीर मारावासा वाटला असणार आणि मागची मात दिसली असणार. दोन मिनिटं झाली, मग तीन. तिच्या कपाळावर घाम आला. शाल्मलीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. चार मिनिटं अकरा सेकंदांनी रेषेने उंबरठा ओलांडला. आत्याने वजिराकडे ढुंकूनही न पाहता हत्ती शेवटच्या रांगेत नेला. शह! काळ्याने मध्ये काहीही घातलं, तरी ते मारून मातच होती.

पडदा हिरवा झाला.

“तुझी रेषा... तरुण आहे,” आत्या म्हणाली. “पण तू उंबरठा... खाली आणायचा... सराव करतेस. नीट पाहिलेली रचना... पुन्हा भेटली... की चेतापेशींची जोडणी... घट्ट होते. मग रेषाच... उभी चढते. खरा वेग... तो.”

सोमवारी शाल्मलीने डॉक्टर तांबोळींना स्वतः सगळं सांगितलं.

“चुकीच्या नोंदीवर मी चुकीचा उपचार दिला असता,” ते गंभीरपणे म्हणाले. “कळतंय ना तुला?”

“हो.”

आत्याने टोपाची नोंद पुढे केली. डॉक्टरांनी ती दोनदा पाहिली. “आमची चाचणी वीस सेकंदांनी कापली जात होती,” ते हळूच म्हणाले. “रेषा चढतेय, हे आम्हाला दिसणारच नव्हतं.” विजेची मात्रा होती तशीच राहिली आणि आत्याच्या चाचणीतलं घड्याळ निघालं.

शाल्मली आता दिवसाला बाराच कोडी सोडवू लागली. उत्तर पूर्ण दिसल्याशिवाय बोट उचलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. निवड चाचणीत दहा कोडी होती. तिची दोन वेळेअभावी सुटली नाहीत, बाकीची आठ बरोबर आली. संघात ती राखीव खेळाडू झाली. तिला वाईट वाटलं, पण ती आठ कोडी तिने खरोखर पाहिली होती.

दोन महिन्यांनी केंद्राने आत्याला तिचा टोप घेऊन बोलावलं. तिथे एक वृद्ध चित्रकार होते, सहा महिन्यांत एकाही प्रश्नाला उत्तर न दिलेले. त्यांच्या डोक्यावर टोप चढवला. समोर सोपं कोडं आलं. एक मिनिट रेषा सपाट राहिली. दुसरं मिनिटही तसंच गेलं. तंत्रज्ञाने चाचणी संपवायला हात पुढे केला.

“थांबा,” विभाआत्या म्हणाली. स्पष्ट, एका दमात.

सगळे थांबले. आणि तिसऱ्या मिनिटाला, अगदी केसभर, रेषा वर उचलली गेली.