कुठल्या घरी

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी प्रणिता म्हणाली, "बाबा, आज माझ्याबरोबर लॅबला चला. थोडं वाचून द्यायचंय."

मला हसू आलं. मी चौथी शिकलेला माणूस. नागपूरच्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं लिफ्ट चालवली. माझी बायको गिरजाबाई गेल्यावर ही एकुलती लेक मला इथं शिकागोला घेऊन आली. डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत आमचं घर. मी भाजी आणतो, दारातला बर्फ लोटतो. मला कोण वाचायला लावणार?

"एकेक अक्षर चाचपत वाचता ना, तसंच पाहिजे," ती म्हणाली. "तुमच्या आवाजात चढउतार नाहीत."

"म्हणजे रटाळ आहे म्हण की."

"रटाळच हवाय, बाबा!"

वाटेत तिनं काम समजावलं. काही माणसांच्या मनात एखादी भीती घर करून बसते. जे घडून गेलं ते रोज पुन्हा घडतं. अशा माणसाला प्रणिता त्याची गोष्ट विचारते, तिचा अर्ध्या मिनिटाचा मजकूर करते आणि कुणाच्या तरी आवाजात भरून घेते. मग त्या माणसाला एमआरआयच्या नळकांड्यात झोपवून तोच मजकूर ऐकवायचा. त्याच्या मेंदूत काय पेटतं ते मशीन टिपतं. आत बदामाएवढी एक जागा आहे म्हणे, भीतीची. मराठी माणसांना मराठीतच ऐकवायचं, कारण भीती मायबोलीत जास्त भिडते.

"एकच नियम," ती म्हणाली. "धीर द्यायचा नाही. कागदावर आहे तेवढंच वाचायचं."

रेकॉर्डिंगची खोली लहान होती, भिंतींना काळा स्पंज लावलेला. दार लागलं की स्वतःचा श्वास मोठा वाटायचा. काचेपलीकडे कुशल नावाचा मुलगा कानाला हेडफोन लावून बसायचा. लाल दिवा लागला की वाचायचं, विझला की थांबायचं.

तीन कागद झाले. चौथा चैत्रालीचा. पुण्याची मुलगी, इथं कॉम्प्युटरच्या नोकरीत. तीन वर्षं झाली, ती गाडीत बसत नव्हती, झोपायचीही बसूनच. मी वाचायला लागलो.

'तू गाडी चालवते आहेस. रस्त्यावर बर्फ आहे. गाडी घसरते. काचेबाहेर तळ्याचं पाणी चढतं. तुझा पट्टा निघतो. मागच्या सीटवर तुझी धाकटी बहीण आहे, ऋता. तिचा पट्टा निघत नाही. ती तुला हाक मारते. तू बाहेर आहेस. ती आत आहे.'

कागद तिथंच संपला. दिवा विझला.

मी बसून राहिलो. पोरीला पाण्यात ठेवून उठवेना.

माझी आई एक करायची. विहिरीवर, नदीवर पोर दचकलं आणि तापानं फणफणलं, की ती त्या जागी जायची, पोराच्या नावानं तीन हाका मारायची, 'चल घरी' म्हणायची आणि मागं न बघता परत यायची. पोराचा जीव तिथं अडकलाय, तो सोबत येतो, असं ती म्हणायची. पुढं आमच्या घरात बुद्धवंदना आली आणि असलं सगळं सुटलं. प्रणिताला तर त्याची चीडच. पण त्या काळ्या खोलीत माझे ओठ हलले.

"ऋता... ऋता... ऋता बाळा, चल घरी."

कुशलनं काचेवर टकटक केलं. "काका, काही बोललात का?"

"नाही रे."

दिवा विझलेला होता. टेपवर काही गेलं नव्हतं. कुशलनं माझ्यासमोर तपासून पाहिलं.

पुढच्या शनिवारी दुपारी चैत्राली आली. हडकुळी, डोळ्यांखाली काळं. बसनं आली होती. माझ्या पाया पडायला वाकली तशी मी तिला धरलं. हात गारठलेले.

"काका, तुमचाच आवाज ना? मग तुम्ही बाहेर थांबाल? इथं माझं कुणी नाहीये."

मी कंट्रोल रूममध्ये प्रणिताच्या मागं स्टुलावर बसलो. जाड काचेतून चैत्रालीचे नुसते मोजे दिसत होते. घाबरली तर दाबायला तिच्या हातात रबरी चेंडू दिला होता. मशीन सुरू झालं. ठक्... ठक्... ठक्... कुणीतरी आतून बडवत असल्यासारखं. तिला माझा आवाज ऐकवला गेला. मोजे थरथरले. अर्धं मिनिट संपलं, मशीन थांबलं. आता सगळं गप्प. फक्त कुठंतरी पंपाची बारीक चिवचिव.

प्रणितानं बटण दाबलं. "चैत्राली, ठीक आहेस?"

मग स्पीकरमधून तिचा आवाज आला, अगदी शांत.

"काका... ती विचारते, कुठल्या घरी?"



"कोण विचारतं?" प्रणिता म्हणाली. मग मागं वळून हळूच, "बाबा, काही बोलू नका हं."

मी बोललो नाही. शप्पथ सांगतो, ओठही हलवला नाही. पण घर म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढं स्वतःचंच घर येतं. दारातले बूट आले, जिना आला, ओट्यावरचा पिवळा दिवा आला. कालवण ढवळणारी माझी प्रणिता आली...

"बरं म्हणाली," स्पीकरमधून चैत्राली बोलली. "गेली."

खोलीत शेवाळाचा वास आला. कुशलनं नाक वर करून हुंगलं आणि एसीकडे पाहिलं.

दहा दिवसांनी चैत्राली पुन्हा आली ती स्वतः गाडी चालवत. गाल भरले होते. माझ्यासाठी पेढ्यांचा डबा आणला होता.

"काका, रात्रभर आडवी झोपते मी! यार, इतकी वर्षं कशाला घाबरत होते, तेच कळत नाही."

मला बरं वाटलं. मी म्हटलं, "ऋतालाही बरं वाटलं असेल, पोरी."

ती हसत माझ्याकडे बघत राहिली. "कोण ऋता?"

"तुझी बहीण."

"मला बहीण नाहीये, काका. मी एकटीच."

मी प्रणिताला काही सांगितलं नाही. काय सांगणार? संध्याकाळी आम्ही घरी निघालो. नेहमीचा तळ्याकाठचा रस्ता. मध्येच तिनं गाडी कडेला घेतली.

"ह्या रस्त्यानं नको, बाबा."

"का गं?"

"तुम्हीच विचारता, का?" तिचे डोळे भरले. "माझा पट्टा निघाला, बाबा. ऋताचा नाही निघाला. मी बाहेर आले... तिला आत ठेवून आले."

मी तिला जवळ घेतलं. ती लहानपणी रडायची तशी रडली. घरी आल्यावर मी पेटीतून जुनं रेशनकार्ड काढलं. त्यावर तीन नावं, माझं, गिरजाबाईचं, तिचं. "बघ बेटा, तू एकटीच आहेस."

तिनं कार्ड हातात घेतलं, आणि मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तिचं नाव कुणी काढलं? तुम्ही?"

आता माझी लेक बसून झोपते. बसनं जाते. कुशलचा फोन आला तर मला म्हणतो, "काका, ताईंना सांभाळा. धाकट्या ताई गेल्या तो महिनाच हा." त्यालाही माहीत. सगळ्यांना माहीत.

मी दोनदा तळ्यावर जाऊन आलो. काठाला बर्फ होता, खाली पाणी काळं. 'जा' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं... जमलं नाही. कुठं जा म्हणू? लेकरूच आहे ते. मीच बोलावलेलं. आणि 'जा' न म्हणावं तर माझी प्रणिता रात्री भिंतीला टेकून डोळे उघडे ठेवून बसते, ते बघवत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो आहे, तुम्ही तरी लक्षात ठेवा. मला एकच मुलगी आहे. उद्या मीच वेगळं सांगायला लागलो, तर मला थांबवा.

कारण काल दाढी करताना मला गिरजाबाई दिसली. आमच्याच दवाखान्यातली खाट, ती दमलेली, हसणारी. चार वर्षांची प्रणिता माझं बोट धरून उभी. नर्सनं विचारलं, "काय नाव ठेवणार?" मी लगेच सांगितलं आणि तान्ह्या पोरीला हातात घेतलं. नागपूरचा मे महिना होता, खिडकीतून झळा येत होत्या... आणि पोर बर्फासारखं गार होतं.