तिसरा पाइप

काम साधंच होतं. जमिनीला भोकं कुठे पाडायची, तेवढं पाहून यायचं. टेप, पेन्सिल आणि वही घेऊन मी सकाळी दहाला त्या घरी पोचले.

घरात नवरा-बायको दोघंच. काका घड्याळं दुरुस्त करायचे. जन्मभर बारीक टिकटिक ऐकून त्यांचे कान इतके तिखट झाले होते, की शेजारचा पंखा कुरकुरला तरी यांची झोप उडायची. मावशी प्राध्यापक, समुद्री जीव शिकवायच्या. पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन किनाऱ्यावरच्या खडकांत गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या बाई, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून चाकांच्या खुर्चीत. त्यांना समुद्रावर नेणं जमेना, म्हणून काकांनी समुद्रच घरी आणायचा घाट घातला होता. बैठकीच्या खोलीत हजार लिटरची काचेची टाकी, त्यात खारं पाणी, प्रवाळ, मासे. पण पंपाची घरघर नको. म्हणून पंप, हीटर, फेस काढायचं यंत्र, सगळं खाली तळघरात.

माझ्याआधी दोन प्लंबर येऊन मान हलवून गेले होते. "तळघराचं तळं होईल एक दिवस," असं त्यातला एक जिन्यातच बोलून गेला म्हणे.

मी ऐकून घेतलं. माझे वडील पाइपवर नुसता तळवा ठेवून आतलं पाणी कुठे अडलंय ते सांगायचे. ती विद्या त्यांनी माझ्या हातात दिली. लोक मला 'नळवाली' म्हणून हसले, मग तेच लोक घरात पाणी शिरलं की माझ्या दारात उभे राहिले. मला गर्व आहे म्हणतात. आहेच.

चार दिवस मी नुसतं कागदावर काम केलं. वरच्या टाकीतून तीन पाइप खाली तळघरातल्या दुसऱ्या टाकीत येणार. पहिल्यातून पाणी तुडुंब भरून उतरणार, म्हणजे गुडगुड नाही. दुसऱ्यातून नुसती धार. तिसरा कायम कोरडा. पहिले दोन तुंबले तरच तो कामाला येणार. चौथ्या पाइपातून पंप पाणी परत वर नेणार. आणि वीज गेली तर? तर वरचं थोडं पाणी आपसूक खाली उतरतं, ते मावेल एवढी जागा खालच्या टाकीत रिकामी हवी. लोक तिथे पाणी अडवायला झडप बसवून मोकळे होतात. वडील म्हणायचे, झडपेवर विसंबून झोपणारा प्लंबर पाण्यात जागा होतो. मी हिशेब केला: शहाऐंशी लिटर उतरणार. जागा ठेवली दीडशेची.

मावशींनी कागद मांडीवर घेऊन पाहिला. एकेका पाइपावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माझी विद्यार्थिनी असतीस तर पैकीच्या पैकी दिले असते गं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

भोकं पडली. पाइप कापून झाले. चिकटवण्याआधी सगळं कोरडंच जोडून पाहायचं असतं, तसं मी त्या दिवशी करत होते. दुपारचे बारा. तळघरात दोन ट्यूबलाइट लख्ख. कोपऱ्यात रिकामी टाकी, भिंतीला नवा बोर्ड, वर जायला एकच जिना. मी स्टुलावर चढून पाइपांना ओळंबा लावत होते. तिसऱ्या पाइपाचं उघडं तोंड माझ्यापासून तीनेक हातांवर, टाकीच्या वर लटकत होतं.

वर पाइप हलतोय का ते कळायला हवं होतं. मी ओरडले, "काका, वर हलतंय का?"

पाइपातून उत्तर आलं. "नाही. सांग."

पाइपातून आलेला आवाज कुणाचाही असो, सर्दी झाल्यासारखा येतो. बाईचा की पुरुषाचा, तेही कळत नाही. मी म्हटलं, "काय सांगू?"

"हे सगळं… तूच आखलंस?"

"मग! दुसरं कोण आखणार?"

"सांग ना."

आणि मी सांगत सुटले. काम करता करता, हातात पट्टी, कानामागे पेन्सिल. कोणता पाइप कशासाठी, वळणं कुठे कमी केली, पंपाचा पाइप मुद्दाम जाड का घेतला. खोटं कशाला बोलू, इतक्या मन लावून माझं काम कधी कुणी ऐकलं नव्हतं. मध्येच तो आवाज हळूच "हं…" म्हणायचा. मला वाटलं, घड्याळजीच तो, यंत्राची गोडी असणारच.

"पाणी… समुद्राचं?"

"नाही काका. साधंच, मीठ घालून. पण मोजून मापून. अगदी समुद्रासारखं करून देते की नाही बघा."

मी पट्टीने पुढचं माप घेतलं. मग, "चालेल."

त्या वेळी मला वास आला. ओहोटीनंतर खडकांत अडकून राहिलेल्या पाण्याला येतो, तसा. मिठाच्या बादल्या अजून दुकानातून यायच्या होत्या. तळघरात पाण्याचा थेंब नव्हता, नळाची मुख्य चावी मीच बंद केली होती. मी स्टुलावरून उतरले, नाक पुसलं आणि पाणी प्यायला वर गेले.

मावशी टाकीच्या स्टँडशेजारी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक पालथं.

"कोण आलंय गं तुझ्याबरोबर?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"कुणी नाही. मी काकांशी बोलत होते."

"हे? हे तर क्लॅम्प आणायला गेलेत. अर्धा तास झाला."

मी पेला खाली ठेवला. "मग वरून मला उत्तरं…"

"वरून नाही." मावशींनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार होती. "मी इथेच बसलेय. दोन्ही आवाज खालून येत होते. तुझा जरा लांबून येत होता… दुसरा अगदी पाइपाच्या तोंडाशी."

जिन्याचं दार त्यांच्या खुर्चीसमोरच. त्या दारातून माझ्याशिवाय कुणी गेलं नव्हतं, कुणी आलं नव्हतं.

काका आले तेव्हा आम्ही दोघींनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टॉर्च घेतला आणि म्हणाले, "चल, मी पुढे होतो." खाली कुणी नव्हतं. लपायला जागाच नव्हती. मी तिसऱ्या पाइपाच्या तोंडात बोट फिरवलं. बाहेरून कोरडाठाक. आतून दमट, कुणी आरशाजवळ तोंड नेऊन श्वास सोडावा तसा.

"सोडून दे काम," काका म्हणाले. "हिला मी समजावेन."

वर मावशी आम्हाला ऐकत असणार. मला त्यांचा तो पैकीच्या पैकीचा कागद आठवला. मी म्हटलं, "काका, माझ्या हातून काम अर्धवट राहिलं असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. ते जे कोण आहे, त्यालाही म्हणू देणार नाही."

पुढचे सहा दिवस मी तळघरात तोंड मिटून काम केलं. एक अक्षर बोलले नाही. कुणी विचारलंही नाही.

पाणी सोडलं त्या दिवशी काका दोन्ही हात कानामागे धरून टाकीपाशी उभे राहिले. मिनिटभर. मग त्यांचे डोळे भरून आले. "काहीच ऐकू येत नाही गं," ते म्हणाले, "काहीच नाही." मी पंप बंद करून दाखवला. पाणी उतरलं आणि बरोबर शहाऐंशी लिटरांवर थांबलं. तिथे मी खालच्या टाकीच्या काचेवर लाल रेघ मारली. दोन महिन्यांनी त्यात प्रवाळ आले, दोन नारिंगी मासे आले. मावशींचे जुने विद्यार्थी येऊन पाहून जाऊ लागले. तळ्याचं भाकीत करणारा तो प्लंबरही आला. सगळं हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, मला शिकवाल?" माझे वडील असायला हवे होते.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं होतं.

गेल्या महिन्यात भर दुपारी काकांचा फोन. वीज गेली होती, ते सहज खाली गेले, तर पाणी रेघेच्या सहा बोटं वर. वीज आली आणि सगळं पूर्ववत. "कुठे गळत नाही. वरची टाकीही जेवढी उतरायला हवी तेवढीच उतरली होती. मग हे जास्तीचं आलं कुठून?"

मी गेले. खालच्या टाकीची लांबी-रुंदी मोजली, सहा बोटांचा हिशेब केला. साठ लिटर. पाणी कुठूनही आलेलं नव्हतं. वर कमी नाही, नळ बंद, खारटपणा तोच.

"तुझ्या आकड्यात काही…" काका चाचरत म्हणाले.

"माझा आकडा बरोबर आहे," मी म्हटलं. काका वर मावशींजवळ गेले आणि मी स्वतःच्या हाताने पंप बंद केला.

पाणी उतरलं. रेघेवर येऊन थांबलं, केसाचाही फरक नाही. पाइपांतली धार आटली. सगळं निपचित. पाण्यात तळ स्वच्छ दिसत होता, आत काही नव्हतं. माझी छाती अभिमानाने भरून आली, खरंच आली, मी काकांना हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पाणी हललं. वरून थेंबही न पडता ते दोन बोटं चढलं. थांबलं. पुन्हा दोन बोटं. थांबलं. आणि मग हळूहळू, अंघोळीच्या टबात आधी एक पाय, मग दुसरा टाकून माणूस टेकत टेकत बसतो ना… तसं आणखी दोन बोटं.