डाव्या हाताचा ब्रेक

चालती गाडी अचानक दम टाकते, तेव्हा तुम्ही आधी काय तपासता? बॅटरीच ना? दीपिकानंही तेच केलं होतं. भद्रावतीहून शिवणकामाचे कपडे घेऊन संध्याकाळी परतताना तिची बॅटरीवरची स्कूटर एकाच जागी ढेपाळायची. गावतलावाच्या पाळीवर, बांधावरच्या मोहाच्या झाडापाशी. बॅटरी भरलेली असली, तरी.

मिस्त्री विनोदनं सीट उचलून वायरी चाचपल्या.

"वहिनी, या गाडीत ब्रेक दाबला का मोटरचा करंट तुटते. तुमी ब्रेकवर बोटं ठेवून चालवता. घरी जायाची घाई, अन् पडायचं भेवही!"

"नाई जी भाऊ, ब्रेकले हातच लावत नाई मी."

हसत हसत त्यानं ब्रेकचा स्विच नवा बसवला.

त्या मोहाखाली पावसाळ्यात सोनीबाई ढिवरीण गेली होती. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन निघाली होती बिचारी. कोणती गाडी धडकली ते कळलंच नाही. कुणाला आवाजसुद्धा आला नव्हता. तेव्हापासून येणारा-जाणारा गावच्या रीतीनं तिथं एक हिरवी डहाळी टाकायचा. दीपिकाही टाकायची. तिचा नवरा भूपेश मात्र पाळीचा रस्ताच टाळायचा. गाडीही त्यानं पावसाळ्यातच तिला देऊन टाकली होती.

नवा स्विच बसला, त्याच संध्याकाळी गाडी मोहापाशी पुन्हा थांबली. ओल्या मासळीचा वास आला. दीपिकानं घाबरून दोन्ही हात उचलले... आणि डावा ब्रेक हळूहळू आत दबत गेला, पार मुठीला टेकला. मागचा रस्ता लाल झाला. ब्रेकवरून पाणी ठिबकत होतं.

कानाशी कुणी पुटपुटलं, "मी दाबून राह्यली बाई... त्यानं काऊन नाई दाबला?"

ती घरी पोहोचली, तेव्हा भूपेश जेवायला बसला होता.

"सोनीबाई समोर होती, तवा ब्रेक दाबला नाई न तुमी?"

घास त्याच्या हातातच राहिला. "गाडीले आवाजच नाई... तिनं वळूनच नाई पाह्यलं. मी मोबाईलात पाहून राह्यलो होतो."

"जागीच गेली?"

त्यानं ताट बाजूला सारलं.

"पाणी मांगत होती... मी निघून आलो."

"सकाळी पोलीस पाटलाकडे चला. तुमी नाई आले, तं मी जाते."

"कायले? तू डहाळी टाकतेच न रोज. दोघांची समज."

तो पळून जाऊ नये म्हणून दीपिकानं गाडीची बॅटरी काढली, आत आणून चार्जिंगला लावली आणि तिच्याजवळच आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेश तलावात सापडला, गुडघाभर पाण्यात पालथा. गाडी पाळीवर मोहाखाली उभी होती. तिचा ब्रेकचा लाल दिवा जळत होता. बॅटरी दीपिकाच्या उशाशीच होती.