निळा पोशाख आणि एक ‘अहो’

विसरलेली केसांची पिन घ्यायला शैलजा परत आली नसती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

पोहण्याच्या तलावामागे, कपडे बदलायच्या खोल्यांच्या आडोशाला एक नळ होता. त्या नळाखाली दिवाकर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उकिडवा बसला होता. आणि त्याच्या हातात... शैलजा जागच्या जागी थबकली. त्याच्या हातात सुहासिनीचा निळा पोहण्याचा पोशाख होता! तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा तो त्याला पाण्याखाली धरून अलगद हलवत होता.

“पिन राहिली माझी,” ती म्हणाली.

“घे ना. आणि थांब, इकडे बघ.” त्याने मान वरसुद्धा केली नाही. “तलावात क्लोरीन असतं. ते कापडात राहिलं ना, तर लास्टिक खाऊन टाकतं. म्हणून बाहेर निघाल्याबरोबर साध्या पाण्यातून काढायचा. गरम पाणी नाही, सोडा नाही. मरोडायचा, पिळायचा तर बिलकुल नाही.” त्याने पोशाख टॉवेलवर पसरला, टॉवेलची सुरळी केली आणि तळव्यांनी हलकेच दाबली. “बस. आता सावलीत.”

“घरी बायकोची लुगडी अशीच धुवाल वाटतं?”

“बायको येऊ तर दे,” तो हसला. “तिला विचारूनच धुवीन.”

शैलजाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. केसांत खोचताना पिन दोनदा खाली पडली.

चीनची लढाई होऊन सहा महिने झाले होते. जबलपूरची लष्करी सामानाची फॅक्टरी दिवसरात्र चालू होती. शैलजाचे बाबा बळीराम तिथे टर्नर होते; त्यांनी दिवाळीनंतर रविवारची सुट्टी पाहिली नव्हती. दिवाकर फॅक्टरीच्या लॅबमध्ये नोकरीला होता, आणि संध्याकाळी क्लबच्या तलावाचं पाणी तपासायचा, मुलींना पोहायला शिकवायचा. लास्टिकचं कापड परदेशातून येणं बंद झालं होतं. क्लबकडे मुलींचे सातच पोशाख होते. सेक्रेटरींनी ते दिवाकरच्या हवाली केले आणि बजावलं, “खराब झाला तर दुसरा मिळायचा नाही.”

सातांपैकी सहा त्याच्या हाती येत. सातवा, शैलजाचा मरून पोशाख, ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायची. परक्या पुरुषाने तो धुवायचा? अगबाई! आणि इतरांचे तो धुतो म्हणून पुन्हा हीच जळायची. आता याला काय म्हणावं? पण माणसाचं मन सरळ असतं, तर प्रेमकथा लिहिणारे उपाशीच मेले असते.

खरं म्हणजे इतर पाच जणींचं तिला काही नव्हतं. त्या त्याला ‘भैया’ म्हणत. दुखणं होतं ते सुहासिनीचं. मोठ्या साहेबांची ही मुलगी दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून आली होती. तिची उंची, तिचे आखूड कापलेले केस, पाण्यात सुरीसारखं शिरणं, हे सगळं शैलजाने एकवेळ माफ केलं असतं. पण ती काठावर येऊन ओली मान तिरकी करायची आणि म्हणायची, “अहो दिवाकर, टॉवेल द्या ना जरा!”

अहो!

शैलजाच्या घरी हा शब्द फक्त आईचा होता. तोही बाबांसाठी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून. जबलपूरच्या सगळ्या क्वार्टरांत तो असाच राखून वापरला जायचा. आणि ही बया चारचौघांत, भर तलावावर... वर तोही तिच्याशी बोलताना आपली निम्मी हिंदी मिसळलेली मराठी सोडून “देतो ना, का नाही” असं पुणेरी नाकात बोलायचा. शैलजाशी मात्र “चल, दो लॅप और मार.” जिवाची नुसती लाही व्हायची.

दुसऱ्या फॅक्टरीच्या मुलींशी गुरुवारी शर्यत होती. आधीच्या रविवारी सकाळचा सराव संपला, आणि भर दुपारी दिवाकरला लॅबमधून बोलावणं आलं. सहा पोशाखांची बादली त्याने शैलजापुढे ठेवली.

“एवढे निथळून सावलीत टाकशील? तुझ्यावर भरोसा आहे.”

पाच तिने अगदी त्याने दाखवले तसे केले. सहावा निळा होता. तो हातात घेतला आणि कानात ते ‘अहो’ वाजलं. चौकीदार विठोबाच्या चुलीवर चहासाठी पाणी उकळत होतं. फरशी घासायचा सोडा कोपऱ्यात होताच. तिने निळा पोशाख उकळत्या पाण्यात घातला, वर मूठभर सोडा टाकला. मग काठीने बाहेर काढला, जरा निवल्यावर लास्टिक कुरकुरेपर्यंत पिळला आणि शेडच्या तापलेल्या पत्र्यावर मे महिन्याच्या उन्हात पसरला. फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगा? घरी पोचेपर्यंत बरं वाटत होतं.

संध्याकाळी सुहासिनी टॉवेल गुंडाळूनच खोलीबाहेर आली. पोशाख विटला होता, रिकाम्या पिशवीसारखा लोंबत होता. सेक्रेटरी तरातरा आले.

“कोणी केलं हे?”

दिवाकरने तारेवरच्या पाच ठाकठीक पोशाखांकडे पाहिलं. मग निळ्याकडे. मग शैलजाकडे, क्षणभरच.

“मी केलं साहेब. घाईत सोडा पडला.”

“मग शर्यत झाली की तलावावर यायचं बंद करा.”

शैलजा पायाने फरशीवरचं पाणी सारत राहिली. डोळे पुसत सुहासिनी दाराकडे वळली आणि म्हणाली, “अहो विठोबा, जरा रिक्षा बोलवा ना.”

शैलजाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. विठोबाला? साठीच्या, पुढचे दोन दात पडलेल्या, कानावर बिडी खोचलेल्या विठोबाला?

जेवताना ती भात नुसता चिवडत बसली. आई म्हणाली, “जेवून काहून नाही राहिली व? कोणाचा राग ताटावर काढतं?”

“आई... पुण्याच्या बायका सगळ्यांनाच अहो म्हणतात का?”

“म्हणतात ना बाप्पा! तुया बाबाची मामी पुण्याची. ते तं गवळ्यालेही अहो म्हणे.”

शैलजाने ताटावरच रडायला सुरुवात केली, आणि वरणात तिखट जास्त झालं असेल म्हणून आईने तिला साखर दिली.

सकाळी ती सेक्रेटरींच्या घरी गेली. जे केलं ते सांगितलं, का केलं ते सोडून. त्यांनी दिवाकरची शिक्षा मागे घेतली आणि तिला शर्यतीतून काढून टाकलं. वर्षभर ज्या शर्यतीसाठी छाती फुटेस्तोवर पोहली, ती अशी गेली. मग मरून पोशाख घेऊन ती सुहासिनीच्या बंगल्यावर गेली.

“तुमचा मी खराब केला. मुद्दाम. हा घाला.”

सुहासिनीने पोशाख हातात घेतला. उलटापालटा करून पाहिला. “तिसऱ्या हंगामाचा ना हा? इतका नवा कसा राहिला?”

“आईच्या लुगड्याखाली वाळत घालते. कोणाला दिसू नये म्हणून.”

“म्हणजे सावलीतच की गं!” सुहासिनीला हसू आवरेना. “दिवाकर पुस्तकं वाचून शिकले, ते तू लाजून लाजून केलंस!” मग ती गंभीर झाली. “पण माझाच का?”

“तुम्ही... त्यांना अहो म्हणता.”

“मग काय अरे म्हणू?” ती म्हणाली, आणि मग तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. “अगं बाई... असं आहे होय!”

गुरुवारी सुहासिनी मरून पोशाखात पाण्यात उतरली. शैलजा काठावर, गर्दीच्या मागे उभी होती. दिवाकर स्टॉपवॉच घेऊन तिच्याशेजारी येऊन थांबला.

“मला त्याच दिवशी समजलं होतं,” तो हळूच म्हणाला. “पाच नीट आणि एकच असा. सोड्याला काय डोळे असतात?”

“मग बोलले काहून नाही?”

“तू सांगते का, ते बघून राहिलो होतो.” मग त्याने विचारलं, “पण काहून केलं?”

“जळली मी,” शैलजा म्हणाली. आता लपवायला उरलंच काय होतं? “ती तुम्हाला अहो म्हणते, तुम्ही तिच्याशी नाकात बोलता, तिचा पोशाख बाळासारखा धुता... जळली. बस.”

शिट्टी झाली. मुली पाण्यात झेपावल्या, गर्दीने आरोळी ठोकली. दिवाकर तिच्याकडेच बघत राहिला.

“आणि तू मला काय म्हणतेस?” त्याने विचारलं.

“काहीच नाही म्हणत.”

“वही तो! सगळ्या पोरी भैया म्हणतात. तू दोन वर्षांत एकदा नाही म्हटलं. सुनो, ऐका, ते बघा... काहीही म्हणते, पण भैया नाही.” त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “दोन वर्षं मी तेवढ्याच एका आशेवर आहे, शैलजा. रोज भीती वाटते, आज म्हणते की काय.”

तिला हसूही आलं आणि रडूही. समोर मरून ठिपका सगळ्यांच्या पुढे होता आणि लोक सुहासिनीच्या नावाने ओरडत होते. शैलजाला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

“तुमचं घड्याळ,” ती म्हणाली.

त्याने हातात पाहिलं. स्टॉपवॉच सुरूच केलं नव्हतं.

“या रविवारी,” पदराचं टोक बोटाला गुंडाळत शैलजा म्हणाली, “बाबांना सुट्टी आहे. घरीच असतील.”