पूजेला लावलेले दिवे

कपिलधारच्या देवस्थानाच्या पायथ्याशी, पूजेला आणलेली नवी इलेक्ट्रिक गाडी हार घालून उभी होती, पण काही केल्या सुरू होत नव्हती. शिवकन्याने पुन्हा बटण दाबलं. समोरची स्क्रीन काळीच.

"म्हणलं होतं, डिझेलची घे," तिचे वडील, कल्याणराव, म्हणाले. "आता ट्रॅक्टरनं ओढत नेऊ, उद्या शोरूमला परत. चकलांब्याच्या बँकेतली नोकरी बी बास झाली."

बँक सुटल्यावर शिवकन्याला घरी बीडला परतायला वेळेवर एसटी नव्हती. गाडी गेली की नोकरीही जाणार होती. गाडीच्या कंपनीच्या मदत केंद्राला तिने फोन केला होता, तेवढीच आशा.

ट्रॅक्टरवाला दोर बांधत असतानाच मदतीची व्हॅन आली. सावळा, उंच तरुण उतरला. खिशावर नाव होतं — सुग्रीव.

"ओ दादा, थांबा! हिला असं ओढत न्हाईत, मोटर जळंल."

वाऱ्याने हारातली झेंडूची पाकळी शिवकन्याच्या केसांत अडकवली होती. त्याची नजर तिथे क्षणभर थांबली... मग त्याने घाईघाईने बॉनेट उघडलं.

"मोठी बॅटरी भरलेली हाय, मॅडम. लहान उतरलीय, दिवे अन् स्क्रीन तिच्यावरच चालतेत. गाडी सुरू न करता दिवे कुणी लावून ठेवले?"

पूजा संपेपर्यंत दिवे मालवायचे नाहीत, हा हट्ट कल्याणरावांचा. शिवकन्याने सुग्रीवकडे पाहिलं, डोळ्यांनीच वडिलांकडे खूण केली, मान किंचित हलवली — त्यांना काही बोलू नका.

"लई जणांचं होतंय असं," तो सावकाश म्हणाला. "आमीच नीट सांगत न्हाई, पूजेला गाडी सुरू ठेवा म्हणून."

त्याने वायरी जोडल्या. स्क्रीन उजळली. शिवकन्या सीटवर मटकन बसली आणि हसतच सुटली.

"हसताय कावून?" सुग्रीवने विचारलं.

"रडायचं ठरवलं होतं... राहून गेलं."

कल्याणराव खाकरले. "दिवे मीच लावायला लावले, पाव्हणं. तिची चूक न्हाई, गाडीची बी न्हाई." मग लेकीकडे न बघता म्हणाले, "सोमवारी जा बँकेत. आन् ह्यांचा नंबर घेऊन ठेव."

सुग्रीव स्वतःचाच नंबर सांगताना दोनदा चुकला.

सोमवारी संध्याकाळी, चकलांब्याच्या रस्त्यावर, तिने गाडी कडेला घेऊन फोन लावला.

"कुठं बंद पडली?" त्याचा आवाज घाबरा.

"न्हाई पडली. लई छान चाललीय."

"मग?"

"तेच सांगायला केला."

पलीकडे व्हॅनचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आमाला असा फोन कुणी करत न्हाई, मॅडम. काही बिघडलं तरच करतेत."

"मग मी करत जाईन. आन् मॅडम नगा म्हणू."

"शिवकन्या..." त्याने नाव जपून उच्चारलं. "खरं सांगू? परवापासून फोन हातातनं खाली ठेवला न्हाई. वाटत होतं, तुमची गाडी कदी बंद पडू नये... पण तुमचा फोन मात्र यावा."

"आला की," ती म्हणाली.