धाकटीचा डावा डोळा

लाल रेशीम संपलं होतं, म्हणून थोरली बाजारात जाऊन दोन रिळं घेऊन आली. काचेच्या डोळ्यातल्या बारीक शिरा ती रेशमाच्याच धाग्याने घालायची. काम शिकवताना मावशीने एकच गोष्ट बजावली होती. ज्याचा डोळा, त्यालाच समोर बसवायचं. आरशात बघून स्वतःचा कधी रंगवायचा नाही.

पण धाकटी बसेल तर ना! तिच्या पायाला भिंगरी. समुद्राच्या तळाशी उतरून ती बुडालेल्या जहाजांचे पत्रे कापायची. अपघातात डावा डोळा गेला, तरी बाई दोन महिन्यांत पुन्हा पाण्यात.

"ताई, आपले डोळे सारखेच आहेत. आरशात बघ आणि उरक," म्हणाली नि निघून गेली.

थोरलीने उरकलं.

डोळा बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने दमून आपला डावा डोळा मिटला. पापणीआड हिरवं पाणी होतं. धाकटीचे हातमोजे होते, आणि पुढे अंधारात एक अख्खं जहाज आडवं पडलेलं. घाबरायचं सोडून थोरली जळून खाक झाली. हिने हे सगळं बघायचं, आणि आपण चार भिंतींत दुसऱ्यांची बुबुळं रंगवत बसायचं? आईच्या तोंडीसुद्धा शेवटपर्यंत धाकटीचंच कौतुक. मग रोज दुपारी दाराला कडी लावून ती डोळा मिटून बसू लागली. खोलीला हळूहळू खारट, कुबट वास यायला लागला.

एके दुपारी तिला हवेची नळी दिसली. धाकटीच्या डाव्या बाजूला, तिला न दिसणाऱ्या बाजूला, ती नळी फाटक्या पत्र्यावर घासत होती... चिरत होती. बोटीवरच्या कप्तानाचा नंबर थोरलीला पाठ होता. तिने फोनवर हात ठेवला.

आणि तसाच ठेवला.

एकदा तरी हिचं चुकू दे, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. मग नळीतून बुडबुडे सुटले, आणि तिने घाईघाईने नंबर फिरवला.

संध्याकाळी धाकटी आली. ओठ निळे पडलेले, पण ताठ चालत आली.

"थोडक्यात वाचले," ती म्हणाली.

"मीच तर फोन..."

"माहीत आहे." तिचा आवाज अगदी खाली आला. "या काचेतून मला तुझी खोली दिसते, ताई. पहिल्या दिवसापासून. म्हटलं, चोरून बघतेय बिचारी, बघू दे. आज तुझा हात दिसला... फोनवर ठेवलेला. का उचलत नाहीस तेच कळेना. शंभरापर्यंत मोजलं मी."

थोरलीला मान वर करवेना. धाकटीने डोळा काढला, टेबलावर ठेवला आणि मागे न बघता निघून गेली.

थोरलीने तो खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. आता बघायला काही उरलं नव्हतं. बहीणही उरली नव्हती. दाराशी उभी राहून ती पोटभर रडली, आणि सवयीने तिचा डावा डोळा मिटला.

खणातला काळोख दिसला. मग वरून उजेडाची एक फट पडली... रुंद झाली. कुणीतरी खणावर वाकून, आत निरखून बघत होतं. चेहरा थोरलीचाच होता, आरशात दिसतो तसा.

ती अजून दाराशीच उभी होती. किल्ली मुठीत होती.