डावा खांदा दीड इंच वर

कोट चढवून फोनवाला ग्राहक शिंप्याच्या दुकानातल्या आरशासमोर उभा राहिला. डाव्या खांद्यावर कापडाचा असा फुगा आला होता, जणू आत कुणी उशी विसरलं होतं.

"हे काय?" त्यानं विचारलं.

कोट शिवणारीचा चेहरा पडला. तिच्या हातचा एकही कोट आजवर परत आला नव्हता, आणि परवा तर ह्याच्या बहिणीचं लग्न. कापायच्या टेबलामागून तिचे बाबा चष्म्यावरून बघत होते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सवयीनं त्यानं तो कान आणि डाव्या खांद्यात दाबला... आणि फुगा गायब. कोट असा बसला, की बघत राहावं.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन खेपांत हा माणूस एक मिनिटही फोनविना दिसला नव्हता. तिला वाटलं होतं, खांदा जन्मतःच वर असेल बिचाऱ्याचा. वहीत 'डावा खांदा दीड इंच वर' लिहून तिनं तो विषयच काढला नव्हता. खरं सांगायचं तर त्या वाकड्या खांद्यावर तिचा थोडा जीवही जडला होता. मागच्या खेपेला धीर करून तिनं विचारलंही होतं, "लग्नाला एकटेच जाणार?" तो फोनमध्येच म्हणाला होता, "उद्या ट्रक पाठवतो."

आता तिनं वही त्याच्यापुढे धरली. त्यानं वाचलं, फोनवरचं बोलणं आटोपतं घेतलं.

"मी असा दिसतो?"

"मला तरी असेच दिसलात."

तो कोटाची बाही ओढत राहिला. "बहीण कालच म्हणाली, दादा, तू लग्नाला येशील रे, पण तिथे असशील का? मी हसण्यावारी नेलं."

"फोन इकडे द्या," ती म्हणाली, आणि तो बटणांच्या खणात टाकला. "आता सरळ उभे राहा."

फोन नसल्यावर कुठे बघावं, हेच त्याला कळेना. छत झालं, दोऱ्याची रिळं झाली. मग नजर तिच्यावर आली आणि तिथेच राहिली. छातीचं माप तिनं तीनदा घेतलं. तीनदा निराळं आलं.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

बाबा खाकरले.

"मागच्या वेळी तुम्ही काहीतरी विचारत होता," तो म्हणाला.

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. एकेक काढून तिनं मनगटावरच्या इवल्या गादीत खोचली. "लग्नाला एकटेच जाणार का, असं."

"मग मी काय म्हणालो?"

"ट्रक पाठवतो."

तो हसला, मग गंभीर झाला. "एकटाच जाणार होतो. पण तुम्ही आलात, तर... ट्रक नको, मी स्वतः न्यायला येईन."

खणात फोन थरथरला आणि बटणं खडखडली.

"बहिणीचाच असेल. तुम्ही घ्या ना, मी हललो तर माप चुकेल."

एका हातात टेप, दुसऱ्यात खडू. तिनं फोन कसाबसा खांद्यात धरला.

"दादा, कोट मिळाला?"

"परवा सकाळी मिळेल," ती म्हणाली. "आणि जेवायला एक माणूस वाढवा."

"कोण बोलतंय?"

ती सांगणार, तोच तिच्या डाव्या खांद्यावर एक बोट अलगद टेकलं.

"खांदा," तो हळूच म्हणाला. "दीड इंच वर गेलाय."

"परवा भेटल्यावर सांगते," ती बहिणीला म्हणाली आणि फोन परत बटणांत टाकला.